धुळवडीची भरती

फाल्गुन लागला की आमच्या गॅलरीतून मिठाचे ढीग दिसू लागतात. दुपारच्या उन्हात त्यांच्याकडे फार वेळ बघवत नाही, डोळ्यांना पाणी सुटतं. आमचे हे म्हणतात, "एवढं काय बघतेस? माहेर काय पळून चाललंय?" मी हसते आणि आत जाते. यांना मी कधी काही सांगितलेलं नाही. म्हणून यांच्या तोंडून असे शब्द अगदी सहज निघतात आणि नेमके वर्मी लागतात.

यंदा ढीग थोडेच आहेत. राईकडच्या, म्हणजे माझ्या माहेरगावच्या रस्त्याने दिवसभर ट्रक जातात, मिठागरांत माती ओततात आणि खडखडत रिकामे परत येतात. भाईंदरला आता इमारती व्हायच्या आहेत. आमची इमारतही कुणाच्या तरी आगरावरच उभी आहे. पावसाळ्यात तळमजल्याच्या भिंतींना खारट पोपडे धरतात ते उगाच नाही. दादाचं आगर अजून आहे. पण हा त्याचा शेवटचा हंगाम.

आमच्या घराण्यात एक रीत आहे. हंगामाचं पहिलं मीठ निघालं की मूठभर देवापुढे ठेवायचं आणि पाटीभर लेकीच्या सासरी पोचवायचं. गड्याच्या हाती पाठवायचं नाही, भावाने स्वतः न्यायचं. माझं लग्न झाल्यापासून दादा दर फाल्गुनात सायकलला पाटी बांधून येतो. धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, पोटऱ्यांवर वाळलेल्या खाऱ्या पाण्याचे पांढरे ओघळ. दारातूनच म्हणतो, "घे गो सुमे, यंदा दाणा बरा हाय." मी पाटी घेते, चहा टाकते. तो चहा पितो, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघतो आणि जातो.

ते मीठ मी कधी अन्नात घातलं नाही. मासळी धुवायला घेते, पितळेच्या भांड्यांना लावते, उरलं की मोरीत ओतते. जेवणात वाण्याकडचं मीठ. हे कुणाला कळायचं कारण नाही, मिठासारखं मीठ. पण इतकी वर्षं मी ते नेमाने करत आले, एखादं व्रत करावं तसं.

गेल्या आठवड्यात दादा आला तेव्हा चहा पिऊन उठला नाही. तो जे बोलला त्यामुळे हे लिहायला बसले आहे. पण आधी तो एक हंगाम सांगायला हवा.

चीनच्या लढाईनंतरचं ते वर्ष. मी मॅट्रिकला बसून गणितात गेले होते आणि पुन्हा बसायचं की नाही यावर घरात रोज वाद चालायचा. दादा म्हणायचा, बसू दे. बाबा काही म्हणायचे नाहीत, म्हणजे नको. दादा मला वाचनालयातून पुस्तकं आणून द्यायचा. मला सायकलवर मागे बसवून भाईंदरला न्यायचा. निघताना कॅरिअरवर तळहाताने दोनदा थाप मारायची, म्हणजे बस. त्या दोन थापांचा आवाज मी गर्दीतही ओळखला असता. बाबांसमोर मात्र तो मान वर करत नसे. त्याचा साखरपुडा त्या शिमग्यानंतर व्हायचा होता.

आगरातली सकाळ आठवते. पाण्यावर मिठाची साय धरलेली असायची, ती पहिल्या वाऱ्यानं थरथरून तळाला बसायची. बायकांच्या टाचांना भेगा, भेगांत मीठ. दुपारी बांधावर करडी, लांब पायांची पाखरं येऊन बसायची, शेकड्यांनी, सगळी वाऱ्याकडे तोंड करून. ती खाडीच्या तोंडाशी चिखलात चरत असतात. तिकडचा चिखल समुद्राच्या भरतीनं बुडाला की त्यांना बसायला जागा राहत नाही, मग ती आत आगरात येतात. त्यानंतर बऱ्याच वेळानं पाणी आमच्या उघाडीला लागतं. उघाडी म्हणजे बांधातलं दार. लाकडाची फळी वर ओढायची की भरतीचं पाणी आत. समुद्र आधी भरतो, मग ते पाणी खाडीत वळतं, खाडीतून नाल्यात, आणि नाल्यातून रमतगमत आमच्या फळीशी पोचतं. तोवर तिकडे किनाऱ्यावर ओहोटी लागलेली असते. बाहेरच्या माणसाला हे सांगावं लागतं. आगरात जन्मलेल्या पोराला कुणी सांगत नाही. ते चालायला शिकतं तेव्हाच त्याला ते ठाऊक झालेलं असतं.

त्या वर्षी बाबांनी पाणी उपसायला इंजिन घेतलं आणि ते पंधरवड्यात बंद पडलं. दुरुस्त करायला सुधाकर आला.

तो रत्नागिरीकडचा. किनाऱ्यावरच्या उत्तन आणि चौक या गावांतल्या कोळ्यांनी नुकती होड्यांना इंजिनं बसवायला घेतली होती. तो ती बसवायचा आणि बिघडली की सोडवायचा. चौकलाच एका कोळ्याच्या पडवीत राहायचा. त्याच्या कपड्यांना डिझेलचा आणि वाळत्या बोंबलांचा वास यायचा. इंजिन उघडून बघत तो म्हणाला, "ह्यात मीठ कुणी घातलंय?"

मी म्हटलं, "आमच्याकडे सगळ्यातच पडतं."

"मग तुमच्या घरचा चहा नको," तो म्हणाला, आणि पुढच्या खेपेला दोन कप प्यायला.

इंजिन त्या हंगामात पुष्कळदा बिघडलं. त्यातलं एक-दोनदा तरी त्यानंच बिघडवलं असणार. तो आमच्यातला नव्हता, हे त्याला आणि मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. बाबांकडे विषय काढणं म्हणजे इंजिनासकट त्याला खाडीत ढकलण्यासारखं. त्यामुळे आम्ही लग्न मागितलंच नाही. ठरवलं.

आणि खरं सांगायचं तर त्या सगळ्या प्रकरणात माझ्या वाट्याला आलेलं सुख म्हणजे ते ठरवणंच.

चौकच्या पुढे किल्ल्याच्या टेकडीमागे एक लहान किनारा आहे. काळे खडक आणि मध्ये अंगणाएवढी वाळू. खडकांमुळे तिकडे कोणी जाळी वाळवत नाही. एका होडीचं इंजिन तपासताना सुधाकरने तो समुद्रातून पाहिला होता. बांधावर बसून, हातातला पाना चिंधीने पुसत तो मला त्याचं वर्णन करायचा.

"पाच माणसं मावतील."

"पाच कोण?"

"तू, मी, भटजी, पास्कू आणि मरीबाय. पास्कूला एकट्याला ती कुठं सोडत नाही."

पास्कू म्हणजे ज्याच्या पडवीत तो राहायचा तो होडीवाला, आणि मरीबाय त्याची बायको. इकडचा कोणी भटजी तयार होणार नाही, म्हणून सुधाकर आदल्या दिवशी वसईला जाऊन तिकडचा आणणार होता. पास्कूची होडी त्यांना घेऊन भरतीच्या वेळी खडकांवरून आत येईल. वाळूवर लग्न लागेल. पाणी उतरायच्या आत होडी निघेल आणि आम्ही वसईला सुधाकरच्या मावशीकडे. दिवस धुळवडीचा, कारण पौर्णिमेचं उधाण असतं, पाणी ऐन दुपारी खडक बुडवण्याएवढं चढतं, आणि त्या दिवशी रस्त्यावरून जाणारं कुठलंही तोंड रंगात ओळखू येत नाही.

"सहा," मी म्हटलं. "दादाला सांगणार आहे मी."

सुधाकरने पाना खाली ठेवला. "नक्की?"

"दादा म्हणजे मीच," मी म्हणाले. असं काहीतरी बोलायचं वय होतं.

दादाला उघाडीपाशी सांगितलं. तो फळीवरचं शेवाळ खरवडत होता. बराच वेळ खरवडत राहिला. मग म्हणाला, "कानपिळी कोण करणार?"

नवरीच्या भावाने नवऱ्याचा कान पिळायचा, ही मानाची गोष्ट. मी म्हटलं, "तूच की."

"मी येनार. कान पिळल्याबिगर लग्न लागलं असं मी मानणार न्हाय. आन् अंतरपाट?"

तो आम्हांला सुचलाच नव्हता. दादाने त्याच्या साखरपुड्यासाठी घेतलेलं नवंकोरं उपरणं मला दिलं. मी त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. एवढं आपलं माणूस जगात दुसरं नाही, असं मनाशी म्हटलं. ते वाक्य पुढं मला फार छळणार होतं.

मग आमची लहान लहान गोष्टींची ठरवाठरवी सुरू झाली. साडी कुठली? हिरवी नेसून निघाले तर कोणीही ओळखेल, म्हणून हळदी रंगाची सुती, रंग खेळायला काढलेली वाटेल अशी. फुलं मरीबायच्या दारच्या चाफ्याची. हळद? आमच्याकडे हळदीला सगळं गाव लोटतं, धवलारीण रात्रभर धवले गाते, तिच्या गाण्याशिवाय आमच्यात मांडवाचा खांबही उभा राहत नाही. मरीबायला हे सांगितलं तेव्हा ती कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "मी गाईन गो. पन मना देवळातली गानी येतात, आमच्या देवळातली. चालतील तुझ्या देवाला?" चर्चला ती देऊळच म्हणायची. आम्ही हसून हसून वाळत घातलेल्या बोंबलांच्या काठीला धरलं. हळद मी तळपायांना लावायची असं ठरलं. तळपाय कोण बघतं?

आणखी एक गोष्ट ठरली, ती फक्त सुधाकरमध्ये आणि माझ्यात. दादालाही सांगितली नाही. सुधाकर म्हणाला, "सुमन, पाणी उतरायला लागलं आणि तू आलेली नसलीस, तर मी समजेन की तुझं मन झालं नाही. मी तुला बोल लावणार नाही. निरोप पाठवणार नाही, तुझ्या दारात येणार नाही. पाणी उतरलं की प्रश्न मिटला. तुला तोंडाने नाही म्हणायची पाळी येऊ नये, म्हणून सांगतोय."

मला त्याचा राग आला होता. म्हटलं, "एवढाच विश्वास?"

"विश्वास आहे म्हणूनच," तो म्हणाला.

धुळवडीच्या सकाळी आईने होळीची राख सगळ्यांच्या कपाळाला लावली. माझ्या कपाळाला लावताना तिचा हात जरा थांबला, की मला तसं वाटलं, कोण जाणे. गल्लीत ढोल वाजत होते. बाबा ओटीवर निजले होते, गालांवर गुलाबी रंग, लहान मुलासारखे. दादाने सायकल काढली, कॅरिअरवर दोन थापा मारल्या. मी बसले. उपरणं आधीच मरीबायकडे पोचलं होतं.

चौकच्या रस्त्याला लागायच्या ऐवजी त्याने सायकल आगराकडे वळवली.

"इकडं कशाला?"

"येळ हाय. उघाडीला पानी लागलं का निघू. आतापासून तिकडं उभं राहून काय करायचंय? कोन बघंल."

उघाडीवर आम्ही बसलो. नाला कोरडा होता, तळाला खेकड्यांची भोकं. दादाने धोतराच्या सोग्यातून फडक्यात बांधलेली पुरणपोळी काढली. आदल्या दिवशीची, कडा जरा वाळलेल्या. "खा. लग्न लागंपत्तर कोन देनार तुला?" मी खाल्ली. तो पाण्याकडे बघत होता. ऊन चढत गेलं. पाखरं आली, बांधावर बसली, वाऱ्याकडे तोंड करून. गावातले ढोल थांबले. मग केव्हातरी नाल्यात फेसाची एक रेघ सरकत आली, तिच्यामागून पाणी, आणि पाण्याने फळीला हात लावला.

"चल," दादा म्हणाला.

त्या किनाऱ्यावर पोचलो तेव्हा खडक उघडे पडले होते, काळे आणि ओले. दादा वर वाटेवरच सायकल धरून उभा राहिला. वाळूवर होडी ओढल्याची खूण होती आणि तिच्या शेजारी मरीबाय मांडीत उपरणं घेऊन बसली होती.

"गेली होरी," ती म्हणाली. "पास्कू बोंबलून बोंबलून थकला. आजून थांबलो असतो तं खडकावर बसली असती. भट बोलला, मी काय उद्यापत्तर इथं बसू?"

"आणि तो?"

"तो कंबरंवर पान्यात उभा होता, होरीला धरून. या वाटंकडं बघत. पानी मांडीवर उतरलं, मंग गुडघ्यावर. मंग चढला." तिने माझ्याकडे नीट बघितलं. "तुमी आगरातली मानसं गो. पानी तुमाला कळत न्हाय?"

मी वर दादाकडे बघितलं. त्याला ऐकू जात नव्हतं. मी म्हणाले, "भाऊ बोलला, येळ हाय."

तिने उपरणं माझ्या हातात दिलं. मधोमध कुंकवाचं स्वस्तिक काढलेलं होतं, एका बाजूला जरा ओघळलेलं.

परतताना मी कॅरिअरवर ते मांडीत धरून बसले होते. दादा वाटेत एकदाच बोलला. "दमच न्हवता त्याच्यात. यवढी घाई कसली?" मी म्हटलं, "भित्रा होता." आणि मग तेच खरं झालं. पाणी उतरलं म्हणून कोणी माणसाला सोडून जातं का, हे मी स्वतःला किती वेळा विचारलं असेल. आधी वर्षभर मी सुधाकरला शिक्षा केली, मनातल्या मनात. तो नंतर चौकला राहिला नाही, रत्नागिरीकडे गेल्याचं कळलं. दिलेला शब्द त्याने पाळला. निरोप नाही, दारात येणं नाही.

माझ्या टाचांच्या भेगांत हळद बसली होती. तळपायाची धुतली गेली, भेगांतली राहिली, पिवळ्या दोऱ्यासारखी. चार-आठ दिवसांनी आई माझ्या मागून चालत होती. म्हणाली, "मिठात उभी ऱ्हा. जाईल." एवढंच. मी मिठात उभी राहिले. आग झाली, आणि गेली.

पुढच्या वर्षी दादाचा संसार सुरू झालेला, आणि माझं लग्न ठरलं. पाचशे पानं उठली, धवलारीणीचा आवाज बसला. कानपिळीच्या वेळी दादा पुढे आला. यांच्या कानाला नुसता हात लावला आणि मागे घेतला. हे हसून म्हणाले, "अहो, जोरात पिळा, एवढं काय घाबरता?" मी दादाच्या तोंडाकडे बघितलं, आणि त्या क्षणी मला उघाडीवरची ती सगळी दुपार उलगडली. येळ हाय म्हणणारा दादा. त्याचा साखरपुडा. बहीण पळाली असती तर तो मोडला असता. ज्याच्या खांद्यावर मी डोकं ठेवलं त्यानेच मला पोळी भरवून बसवून ठेवलं होतं.

विश्वासघात हा शब्द वाचताना मोठा वाटतो. घरात तो फार लहान असतो. तो भाऊबीजेच्या ताटात मावतो. मी ओवाळत राहिले, पण त्याच्या घरी पानावर बसणं सोडलं. "उपास आहे" म्हणायचे. वहिनी बिचारी विचारायची, "वन्सं, तुमचे उपास तरी किती?" आणि मीठ मोरीत ओतायचे. एक शब्द बोलले नाही. न बोलणं ही माझी एकमेव सत्ता होती आणि ती मी पुरेपूर वापरली.

गेल्या आठवड्यात दादा कप खाली ठेवून म्हणाला, "सुमे, आगर गेलं आता. पुढल्या वर्षी मीठ आनाचं न्हाय. म्हणून आज बोलतो." तो कॅलेंडरकडेच बघत होता. "त्या दिशी मी मुद्दाम बसलो गो. मना ठाऊक होतं तिकडं पानी कवा भरतं. बाबांपुढं उभं ऱ्हायला माझ्यात जोर न्हवता, आन् माझं लगीन... पाखरं आली तवा मी तुझ्याकडं बघितलंच न्हाय. तू पोळी खात होतीस. तुझं ध्यान न्हवतं."

मी म्हणाले, "माहीत आहे."

त्याने मान हलवली. डोळे पुसले. त्याला वाटलं, मी त्याचं पाप जाणत होते आणि आज ते ऐकून घेतलं. तो हलका होऊन गेला. जिना उतरतानाची त्याची पावलंही वेगळी वाजली.

आणि मी दार लावून तिथंच उभी राहिले.

कारण माझं ध्यान होतं.

पाखरं आली तेव्हा मी पाहिली. पहिली दहा-बारा आली तेव्हाच पाहिली. समुद्र भरला, सुधाकर आत्ता वाळूवर उतरला असेल, हे मला त्या क्षणी तसंच कळलं जसं ऊन कळतं. दादाने मुद्दाम बसवलंय हेही तेव्हाच कळलं; कानपिळीच्या वेळी उलगडलं असं वर लिहिलं, ते खोटं. मला फक्त म्हणायचं होतं, "दादा, पाखरं आली." तो माझ्या हातात होता, तो एक शब्द. पोळीचा अर्धा तुकडाही हातात होता. मी पोळी खाल्ली. सावकाश खाल्ली. कडा वाळलेल्या होत्या, त्या जास्त वेळ चावल्या.

का? मी याची पुष्कळ उत्तरं रचली आहेत. ओटीवर निजलेले बाबा, न गायलेले धवले, दादाचा साखरपुडा. सगळी थोडी थोडी खरी. पण खरं म्हणजे मला भीती वाटली. अंगणाएवढी वाळू, सहा माणसं आणि पुढे सगळा समुद्र. ठरवताना तो किनारा केवढा गोड होता. जायची वेळ आली तेव्हा तो नुसता किनारा होता. सुधाकरने मला तोंडाने नाही म्हणायची पाळी येऊ नये म्हणून एक वाट ठेवली होती, आणि मी ती वाट वापरली. वर त्यालाच भित्रा म्हटलं. दादाला तर त्या वाटेचा पत्ताच नव्हता. त्याला वाटत होतं, होडी चुकली तर चुकली, पोरगा दुसऱ्या दिवशी येईल, भांडेल, बघू. पाणी उतरणं म्हणजे माझं 'नाही', हे त्या उघाडीवर फक्त मला माहीत होतं.

यांना हे लिहिलेलं वाचायला दिलं नाही अजून. देणार आहे. आधी दुसरं एक काम होतं.

आज धुळवड. सकाळी यांना म्हटलं, राईला जाऊन येते. "पळून चाललीस का?" म्हणाले. मी म्हटलं, "नाही, परत येईन."

दादा उघाडीवर होता. आगरात यंदा पाणी घेऊन उपयोग नाही, माती पडायचीच आहे, तरी तो फळीपाशी बसला होता. केस पांढरे झालेत त्याचे, भुवयांवर कुणीतरी हिरवा रंग लावलेला. मी शेजारी बसले. नाला कोरडा. मग ती आली. पूर्वीपेक्षा कमी, पण आली. बांधावर उतरली, वाऱ्याकडे वळली.

"दादा," मी म्हणाले, "पाखरं आली."

त्याने माझ्याकडे बघितलं.

"तवा बी मी बघितली होती. मना बी ठाऊक होतं."

आणि सुधाकरने ठेवलेली वाट सांगितली. कंबरेपासून गुडघ्यापर्यंत उतरलेलं पाणी सांगितलं. 'माहीत आहे' म्हणून गेल्या आठवड्यात त्याला एकट्याला पाठवून दिलं, तेही सांगितलं. तो ऐकत होता. चेहऱ्यावरचा हिरवा रंग सुरकुत्यांत फाटला.

मग म्हणाला, "तू मीठ खातस का आमचं?"

"न्हाय."

"ठाऊक हाय. मोरीच्या तोंडाशी पांढरं दिसायचं." तो फळीवरून हात फिरवत राहिला. "म्हणून तर आनीत होतो गो. म्हटलं, तिचा राग हाय, तिला ओतू दे. माझं पाप हाय, मी वाहीन."

"यवढी वर्सं," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "आन् तू चाय देत होतीस मना."

नाल्यात फेसाची रेघ आली. पाणी आलं, फळीला लागलं. त्याने फळी ओढली नाही. उठला, धोतर झटकलं, बांधावर आडवी टाकलेली सायकल उभी केली. मीही उठले, पदर सावरला, आणि सवयीने वाट बघत उभी राहिले.

त्याने कॅरिअरवर थाप मारली नाही. टांग टाकून तो बांधाच्या कडेकडेने गेला, आणि त्याच्या चाकांच्या आवाजाने पाखरं उठत गेली, पुढे जाऊन पुन्हा बसत गेली.